आयोवातील किशोरांची लेखनशाळा : कुणासाठी उघडी, कुणासाठी बंद

अमेरिकेतील आयोवा सिटी या विद्यापीठनगरीत उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळकरी लेखकांचे दोन वेगवेगळे मेळे भरत असत. एका मेळ्यातील बहुतेक मुले पालकांनी भरलेल्या शुल्कावर येत. दुसऱ्यातील परदेशी मुलांचा खर्च अमेरिकेच्या परराष्ट्र विभागाच्या अनुदानातून होत असे. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस या विभागाने आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला दिलेली अनुदाने रद्द केली. विभागाच्या अग्रक्रमांशी आणि राष्ट्रीय हिताशी ती जुळत नाहीत, असे कारण कळवण्यात आले. जवळपास दहा लाख डॉलरचा आधार गेल्यावर ‘बिट्वीन द लाइन्स’ हा किशोरांसाठीचा उन्हाळी उपक्रम बंद करण्यात आला. शुल्कावर चालणारे ‘आयोवा यंग रायटर्स स्टुडिओ’ हे शिबिर विद्यापीठाच्याच दुसऱ्या केंद्राच्या अखत्यारीत असल्याने या निर्णयाच्या कक्षेबाहेर राहिले.

एका शहरातील एक उपक्रम बंद पडला, एवढीच ही बातमी वाटू शकते. शालेय वयातील मुलांना कथा-कविता लिहायला ‘शिकवता’ येते का, येत असेल तर कसे, आणि ते शिक्षण कुणाच्या वाट्याला येते, हे प्रश्न मात्र भारतातील अनेक घरांतही विचारले जातात. परदेशी विद्यापीठांच्या उन्हाळी शिबिरांची चौकशी करणाऱ्या पालकांना तर या शिबिरांत प्रत्यक्ष काय घडते याची बहुधा कल्पना नसते. माहितीपत्रकावर हिरवळ असते, जुन्या दगडी इमारती असतात. वर्गात काय चालते, हे त्यावरून कळत नाही.

स्टुडिओचे सत्र दोन आठवड्यांचे असते. अमेरिकी शाळेची दहावी, अकरावी किंवा बारावी नुकतीच संपलेल्या विद्यार्थ्यांना अर्ज करता येतो. प्रवेशासाठी सर्वात महत्त्वाचा असतो तो स्वतःच्या लेखनाचा नमुना. त्याच्या जोडीला आपल्याला का यायचे आहे हे सांगणारे निवेदन द्यावे लागते. निवड झालेल्या विद्यार्थ्याने कविता, कथा किंवा नाट्यलेखन यांसारखा एक मुख्य विषय घ्यायचा आणि दोन्ही आठवडे त्याच लहान गटात, त्याच शिक्षकाकडे शिकायचे, अशी रचना असते. शिक्षक बहुतेक तरुण लेखकच असतात; त्यांतील अनेकांनी आयोवाच्याच प्रसिद्ध लेखन कार्यशाळेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असते. मुक्काम विद्यापीठाच्या वसतिगृहात. दिवसाचा एक भाग वाचन आणि चर्चेत जातो, दुसरा कार्यशाळेत. संध्याकाळी कधी एखाद्या लेखकाचे वाचन, कधी मुलांनी आपले लेखन इतरांसमोर वाचून दाखवण्याचा कार्यक्रम. परीक्षेची मात्र धास्ती नसते.

गप्प बसण्याचा धडा

या शिबिरांचा गाभा म्हणजे कार्यशाळा. आपल्याकडे ‘कार्यशाळा’ हा शब्द कोणत्याही प्रशिक्षणवर्गाला लावला जातो. आयोवात त्याला एक नेमका अर्थ आहे. दहा-बारा मुले एका टेबलाभोवती बसतात. त्यांच्यापैकी एकाचे लेखन आदल्या दिवशीच सर्वांच्या हाती पडलेले असते. प्रत्येकाने ते वाचून, समासात टिपणे करून आणलेले असते. मग त्या लेखनावर चर्चा सुरू होते, आणि जुन्या पद्धतीनुसार चर्चा संपेपर्यंत लेखकाने एक शब्दही बोलायचा नसतो.

समजा, एका सोळा वर्षांच्या मुलीने आजोळचे घर विकले जाते त्या दिवसावर कथा लिहिली आहे. पहिल्या तीन पानांत घराचे वर्णन आहे : ओसरी, माजघर, विहीर, परसातला फणस. चौथ्या पानावर मामा कागदपत्रांवर सही करतो आणि आजी स्वयंपाकघरात निघून जाते. चर्चेत पहिला विद्यार्थी म्हणतो की त्याला वर्णन आवडले. शिक्षक विचारतो, त्यातले नेमके काय लक्षात राहिले? विद्यार्थ्याला फक्त विहीर आठवते. दुसरी विद्यार्थिनी म्हणते की तिच्या दृष्टीने कथा चौथ्या पानावर सुरू होते. तिसऱ्याला प्रश्न पडतो की आजी काहीच का बोलत नाही. तिचा या विक्रीला विरोध आहे की ती सुटकेचा निःश्वास टाकते आहे? यावर दोन तट पडतात. लेखिका हे सारे ऐकत असते. आजीचा विरोध आहे, हे तिच्या मनात लख्ख होते. ते कागदावर उतरलेच नव्हते, हे तिला या क्षणी कळते. तिला बोलण्याची मुभा असती तर तिने लगेच खुलासा केला असता आणि सर्वांनी माना डोलावल्या असत्या. कथा मात्र होती तशीच राहिली असती. छापील पानाबरोबर लेखक वाचकाच्या घरी जात नाही. तो पुढे करणार असलेला खुलासा आधीच काढून घ्यावा, एवढ्यासाठीच ही शांतता पाळली जाते.

टेबलाभोवतीच्या इतर मुलांचेही शिक्षण त्याच वेळी चालू असते, आणि बारकाईने पाहिले तर ते अधिक मोलाचे ठरते. दोन आठवड्यांत एका विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लेखनावर फार तर दोन-तीनदा चर्चा होते. इतरांच्या लेखनावर मात्र त्याला रोज बोलावे लागते. ‘छान आहे’ किंवा ‘मला भावले नाही’ एवढ्यावर सुटका नसते. कोणत्या वाक्यापाशी लक्ष भरकटले, कोणता तपशील पुढे उपयोगी पडला, निवेदक कुठे वाचकाला फसवतो, हे त्याला दाखवून द्यावे लागते. शाळेतील निबंध एकच व्यक्ती तपासते आणि त्यावर गुण देते. इथे समवयस्क मुलगा कथा वाचतो, त्याला काही कळत नाही, तो तसे सांगतो. शाळकरी लेखकाच्या आयुष्यात परीक्षक नसलेला वाचक बहुधा इथेच प्रथम येतो.

ही पद्धत मुळात मुलांसाठी घडवलेली नव्हती. सर्जनशील लेखन हे उच्च पदवीसाठी प्रबंध म्हणून स्वीकारण्याचा निर्णय आयोवा विद्यापीठाने १९२२ मध्ये घेतला. १९३६ मध्ये विल्बर श्रॅम यांच्या नेतृत्वाखाली लेखन कार्यशाळा सुरू झाली आणि १९४१ पासून १९६५ पर्यंत कवी पॉल एंगल यांनी ती वाढवली. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी शिष्यवृत्तीवर शिकायला आलेले माजी सैनिक नदीकाठच्या लष्करी पद्धतीच्या तात्पुरत्या पत्र्याच्या वर्गांत बसून एकमेकांच्या कथांची चिरफाड करीत. युद्ध पाहून आलेल्या प्रौढांना कठोर टीका झेपत असे, किंवा ती झेपते असे गृहीत धरले जात असे. याच काळात जॉर्जिया राज्यातून आलेली फ्लॅनरी ओकॉनर येथे विद्यार्थिनी होती. पहिल्या भेटीत तिचे दाक्षिणात्य वळणाचे बोलणे एंगल यांना समजेना, तेव्हा काय म्हणायचे आहे ते कागदावर लिहून दे, असे त्यांनी तिला सांगितले, हा किस्सा आयोवात अजून सांगितला जातो. पुढे तिची गणना अमेरिकेच्या श्रेष्ठ कथाकारांत झाली. बोलण्यात मागे पडणाऱ्या मुलांसाठी लेखनवर्ग कसा असावा, याचा विचार करताना हा किस्सा आठवावा असा आहे.

शांततेवर आक्षेप

लेखकाला गप्प बसवणाऱ्या पद्धतीवर गेल्या काही वर्षांत अमेरिकेतच जोरदार टीका झाली. कादंबरीकार मॅथ्यू सॅलेसिस आणि लेखनशिक्षिका फेलिशिया रोझ चावेझ यांची २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली पुस्तके या वादात वारंवार उल्लेखिली जातात. आक्षेपाचा मुद्दा असा की टेबलाभोवती बसलेले सर्वजण एकाच प्रकारचे वाचक आहेत, असे ही पद्धत गृहीत धरते. बहुसंख्याकांना जे अपरिचित, ते ‘अस्पष्ट’ ठरते आणि अल्पसंख्य लेखकाला उत्तर देण्याचीही सोय राहत नाही.

मराठी वाचकाला हा आक्षेप समजायला फार दूर जावे लागणार नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी एक पात्र दुसऱ्याच्या हाती आपट्याची पाने देते आणि म्हणते, ‘सोने घ्या’. महाराष्ट्रात या वाक्याला तळटीप लागत नाही. आयोवातील टेबलाभोवती किमान आठ जण विचारतील, पानांना सोने का म्हटले आहे? हा लेखनातील दोष आहे की वाचकाच्या माहितीतील उणीव? लेखकाने तेथे दोन ओळींचा खुलासा घातला तर परक्या वाचकाची सोय होते. घरच्या वाचकाला मात्र ते वाक्य पर्यटकाला उद्देशून लिहिल्यासारखे वाटू लागते. प्रौढ लेखक याचा निर्णय स्वतः घेऊ शकतो. सोळाव्या वर्षी, घरापासून हजारो किलोमीटरवर, सर्वांना आवडावे अशी ओढ असताना मुलगा ती पाने खोडून टाकण्याचीच शक्यता अधिक.

म्हणून अनेक शिक्षकांनी वर्गाचा क्रम बदलला आहे. नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये विकसित केलेली पद्धत आता लेखनवर्गांतही वापरली जाते. तिच्यात आधी श्रोते आपल्याला काय अर्थपूर्ण वाटले ते सांगतात. नंतर कलावंत स्वतः प्रश्न विचारतो. मग श्रोते मत न लादणारे प्रश्न विचारतात. शेवटी, कलावंताने परवानगी दिली तरच, मत मांडले जाते. आपट्याच्या पानांबाबत अशा वर्गात ‘हे कळत नाही’ असे न म्हणता ‘या पानांविषयी तुझ्या वाचकाला किती ठाऊक असावे, अशी तुझी अपेक्षा आहे?’ असे विचारले जाईल. दोन्ही पद्धतींचे समर्थक आपापल्या बाजूने ठाम आहेत. लेखकाला सुरुवातीलाच बोलू दिले की वर्ग सौम्य होतो आणि खरी अडचण कुणी सांगत नाही, ही जुन्या पद्धतीच्या समर्थकांची तक्रार पूर्णपणे निराधार नाही. शाळकरी मुलांच्या बाबतीत मात्र नव्या पद्धतीकडे झुकणे अधिक शहाणपणाचे दिसते. या वयात एका कठोर दुपारनंतर लेखन कायमचे सुटू शकते.

निवासी असण्याचा अर्थ

दिवसाला चार-पाच तासांचे वर्ग घरून येऊन-जाऊनही करता आले असते. तरीही अशी शिबिरे निवासी ठेवण्यामागे कारण आहे. शाळेत लिहिणारे मूल बहुधा एकटे असते. वर्गात त्याची वही चेष्टेचा विषय असते किंवा शिक्षकांच्या कौतुकाचा, आणि दोन्हींमुळे ते इतरांपासून वेगळे पडते. वसतिगृहात त्याला प्रथमच शेजारच्या खोलीतील मुलगाही रात्री एका ओळीवर अडून बसलेला आढळतो. आयोवा सिटी हे शहरही या अनुभवाला पूरक आहे. २००८ मध्ये युनेस्कोने त्याला ‘साहित्यनगरी’चा दर्जा दिला, त्यापूर्वी तो केवळ एडिनबर्ग आणि मेलबर्न यांना मिळाला होता. तेथील एका रस्त्याच्या पदपथावर लेखकांच्या शब्दांचे कांस्यपट बसवलेले आहेत आणि ‘प्रेअरी लाइट्स’ या पुस्तकांच्या दुकानात लेखकांची जाहीर वाचने होतात. लेखन हा प्रौढ माणसांचा नित्याचा व्यवसाय असू शकतो, हे मुलाला तेथे डोळ्यांनी दिसते.

निवासाबरोबर जबाबदारीही येते, आणि तिच्याविषयी माहितीपत्रकांत फार थोडे लिहिलेले असते. मुले ज्याविषयी लिहितात त्यात मृत्यू, घरातील हिंसा, स्वतःला इजा करून घेण्याचे विचार हे सारे येते. कथेतील पात्राचे दुःख आणि लिहिणाऱ्याचे दुःख यांतील सीमारेषा शिक्षकाने ओळखायची असते. अमेरिकेत मुलाच्या छळाचा संशय आल्यास तो संबंधित यंत्रणेला कळवणे शिक्षकांवर कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे ‘हे फक्त तुम्हालाच सांगते’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थिनीला गुप्ततेचे निरपवाद वचन शिक्षक देऊ शकत नाही. लेखनवर्गात विश्वासाशिवाय काही घडत नाही आणि विश्वासाला कायद्याने घातलेली ही मर्यादा पहिल्याच दिवशी सांगावी लागते. पालकांनी एखाद्या शिबिराला पहिला प्रश्न विचारायचा तर तो यासंबंधी असावा : रात्री वसतिगृहात कोण असते, आणि वर्गातील लेखनावरून काळजी वाटली तर पुढे काय केले जाते?

दुसरा प्रश्न शिबिर कोण चालवते हा. अमेरिकेतील विद्यापीठे सुट्टीत आपल्या इमारती आणि वसतिगृहे बाहेरच्या कंपन्यांना भाड्याने देतात. अशा कंपनीचे शिबिर नामांकित विद्यापीठाच्या आवारात भरते, माहितीपत्रकावर त्या आवाराचे छायाचित्र असते. पण विद्यापीठाचा अध्यापनाशी संबंध असेलच असे नाही. लेखनाचा नमुना तपासून निवड होते की शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश मिळतो, यावरून पुष्कळ काही उमगते. आयोवाचा स्टुडिओ किंवा ओहायो राज्यातील केनियन महाविद्यालयात ‘केनियन रिव्ह्यू’ या वाङ्मयीन नियतकालिकातर्फे भरणारी किशोरांची कार्यशाळा, ही निवड करणारी शिबिरे आहेत. महाविद्यालयीन प्रवेशाच्या अर्जात अशा शिबिराचा उल्लेख उपयोगी पडेल, या हिशेबाने येणारी मुलेही कमी नसतात. त्यात गैर काही नाही. मात्र दोन आठवडे दुसऱ्यांच्या कथा दोन-दोनदा वाचण्याचे काम त्या हिशेबात बसत नाही आणि अशा मुलांना ते जड जाते.

खर्चाचे गणित सरळ आहे. स्टुडिओचे निवास-भोजनासह शुल्क अलीकडच्या वर्षांत अडीच हजार डॉलरच्या घरात होते, म्हणजे दोन लाख रुपयांहून अधिक. भारतातून जाणाऱ्यासाठी विमानभाडे, व्हिसा आणि विमा यांची भर घातली की ही रक्कम बऱ्याच वाढते. गरजू विद्यार्थ्यांना काही प्रमाणात आर्थिक साहाय्य मिळते. तरी प्रवासखर्चाची भिंत कायम राहते. अध्यापन अर्थातच इंग्रजीतून. घरी पैसा आणि हातात इंग्रजी, या दोन्ही गोष्टी असलेल्या मुलांचीच निवड मग उरते.

बंद पडलेल्या उपक्रमाचे वेगळेपण येथे ध्यानात येते. ‘बिट्वीन द लाइन्स’ २००८ मध्ये सुरू झाला. विविध देशांतील किशोर आणि अमेरिकी किशोर दोन आठवडे एकत्र राहत, एकमेकांच्या देशांतील साहित्य वाचत आणि लिहीत. त्याच्या काही सत्रांत इंग्रजीबरोबर अरबी आणि रशियन भाषांतही लेखनाचे वर्ग झाले. शिकवायला त्या-त्या भाषेतील लेखक येत. अरबीत कविता करणाऱ्या मुलाला स्वतःच्या भाषेत वाचणारा शिक्षक आणि सोबती आयोवात मिळत होते. आपट्याच्या पानांचा पेच तेथे निम्मा तरी सुटलेला असे. मराठीसारख्या भाषेसाठी असा वर्ग निघाला असता का, हा आता केवळ कल्पनेचा विषय उरला.

ज्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाचा हा उपक्रम भाग होता, तो पॉल एंगल आणि चिनी कादंबरीकार ह्वालिंग निए यांनी १९६७ मध्ये स्थापन केला. १६० हून अधिक देशांतील १६०० हून अधिक लेखक आजवर तेथे राहून गेले. ओरहान पामुक, मो यान आणि हान कांग या पुढे नोबेल मिळालेल्या लेखकांचा त्यांत समावेश होतो. हिंदी कवी श्रीकांत वर्मा तेथे होते. मराठीतील दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात होते. बंगाली लेखक सुनील गंगोपाध्याय तर हा कार्यक्रम स्थापन होण्यापूर्वीच, १९६० च्या दशकाच्या आरंभी, एंगल यांच्या निमंत्रणावरून आयोवाला गेले आणि त्या वास्तव्यावर त्यांनी पुढे बंगालीत सविस्तर लिहिले.

या आदरातिथ्यामागे शीतयुद्धाचे राजकारण होते, हे अभ्यासक एरिक बेनेट यांनी २०१५ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. जगभरच्या लेखकांनी अमेरिका जवळून पाहावी, यात त्या देशाचे हित आहे, असे सांगूनच एंगल निधी गोळा करीत. म्हणजे ‘राष्ट्रीय हित’ या शब्दांवर जे उभे राहिले, त्याचाच एक भाग २०२५ मध्ये त्याच शब्दांचा आधार घेऊन मोडण्यात आला. प्रौढ लेखकांचा शरद ऋतूतील निवास खासगी देणग्या आणि अन्य निधीवर, कमी संख्येने चालू ठेवण्याचे विद्यापीठाने तेव्हाच जाहीर केले. किशोरांच्या उपक्रमाबरोबर दूरस्थ लेखनवर्ग आणि नवोदितांना मार्गदर्शन करणारी योजनाही बंद झाली.

आयोवाला जाऊ न शकणाऱ्या शाळकरी लेखकांसाठी स्टुडिओचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. त्यांचे शुल्क निवासी सत्राच्या तुलनेत बरेच कमी असते. लेखन पाठवता येते, त्यावर शिक्षकाचा अभिप्राय मिळतो, इतरांचे लेखनही वाचायला मिळते. भाषा तीच, इंग्रजी.